काकांना विचारा : चांगली चाललेली टीम हाती आली, आता करू काय?

दर महिन्याला जी पत्रं येतात त्यात रडगाणं ठरलेलं असतं, काका टीम ऐकत नाही, पोट्टे काम करत नाहीत, माणसं सोडून जाऊन राहिली. या वेळी मात्र उलटंच. सगळं नीट चाललंय आणि म्हणूनच झोप उडाली आहे, अशी पत्रं आलीत. पहिलं पत्र लांबलचक होतं, थोडं कापलं. बाकीची जशीच्या तशी.

प्रश्न : काका, नमस्कार. मी नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे, वय 36, माहेर अमरावती. आधी दहा वर्षं पुण्यात होते, चार महिन्यांपूर्वी इथे बदली घेतली आणि 11 जणांची सपोर्ट टीम माझ्याकडे आली. क्लायंट परदेशातला आहे त्यामुळे रात्रीची शिफ्ट असते. प्रॉब्लेम असा की टीम आधीपासूनच एक नंबर आहे. डॅशबोर्ड कायम हिरवा, तिकिटं (क्लायंटने नोंदवलेल्या अडचणी) वेळेत बंद, आमच्याबद्दल क्लायंटची तक्रार नाही. आधीची लीड हैदराबादला गेली, तिचं नाव अजून सगळे प्रेमाने घेतात. मी आल्या आल्या रोज पंधरा मिनिटांची मीटिंग सुरू केली आणि एक एक्सेल ट्रॅकर बनवला, कोणी काही बोललं नाही, सगळे भरतात. पण दोन सीनियर पोरं आता प्रत्येक गोष्टीला फक्त "ओके मॅम" म्हणतात. माझे बॉस पुण्याहून दर आठवड्याला विचारतात की तुम्ही आल्यापासून काय बदललं, इम्पॅक्ट दिसू द्या. आणि खरं सांगू, मला स्वतःलाच वाटायला लागलंय की मी नसते तरी हे सगळं असंच चाललं असतं. एक मुलगा आहे, रात्री दोन वाजता पण कोणाचाही फोन उचलतो, सगळं त्याला माहीत असतं, त्याच्यामुळे तर मला काहीच करावं लागत नाही. मी नेमकं काय करायला पाहिजे?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला माझा 1990 च्या दशकातला एक महिना आठवला आणि अजूनही थोडी लाज वाटते, म्हणून आधी तेच सांगतो.

मी हिंगणा एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये होतो, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, तेव्हा नवीन नवीन आली होती. मला सेकंड शिफ्टचा इन्चार्ज केलं, आणि ती शिफ्ट अख्ख्या शॉपमध्ये सगळ्यात चांगली. शंभर पीसमागे एखादा रिजेक्ट, तोही रोज नाही. आता मी नवा साहेब, वय कमी, अंगात डिग्रीचा जोर, मग मी काय केलं, ऑपरेटरला सांगितलं की प्रत्येक पीस मोजायचा आणि साइज जेवढा हलला असेल तेवढा लगेच उलटा ऑफसेट मारायचा, म्हणजे मशीनची सेटिंग तेवढी उलट सरकवायची. कागदावर एकदम बरोबर वाटतं ना? पीस पाच मायक्रॉन मोठा आला, पाच मायक्रॉन खाली घ्या. पुढचा लहान आला, वर घ्या. पंधरा दिवसांत रिजेक्शन शंभरात तीन-चारवर गेलं. मी अजून कडक झालो, अजून मोजायला लावलं, अजून वाढलं. शेवटी एक म्हातारा सेटर होता, तो मला कँटीनमध्ये बाजूला घेऊन म्हणाला, साहेब राग नका मानू, दोन दिवस हात खिशात घालून उभे राहा. मी ऐकलं, म्हणजे ऐकावंच लागलं, दुसरं काही सुचत नव्हतं, आणि दोन दिवसांत गाडी रुळावर.

हे का झालं ते मला बऱ्याच वर्षांनी क्वालिटीच्या एका ट्रेनिंगमध्ये कळलं. डेमिंग म्हणून अमेरिकन माणूस होता, तोच ज्याने 1950 मध्ये जपानला जाऊन तिथल्या इंजिनियरांना क्वालिटी शिकवली. तो नरसाळ्याचा प्रयोग करून दाखवायचा. टेबलावर एक खूण करायची, वर नरसाळं धरायचं आणि त्यातून गोट्या सोडायच्या. गोटी खुणेवर पडत नाही, थोडी इकडे तिकडे जाते. आता नरसाळं हलवलंच नाही तर गोट्या खुणेभोवती एका छोट्या घेरात पडतात. पण प्रत्येक वेळी गोटी जिकडे गेली त्याच्या उलट तेवढंच नरसाळं सरकवत गेलात, म्हणजे मी जे ऑफसेटचं करत होतो तेच, तर गणिताच्या भाषेत व्हेरियन्स, म्हणजे गोट्या किती पसरतात त्याचं माप, दुप्पट होतो. चुकलेलं काहीच नव्हतं, थोडं मागेपुढे होणं हा त्या मशीनचा स्वभावच होता, आणि मी प्रत्येक वेळी त्या स्वभावाला चूक समजून दुरुस्त करत बसलो. आता टूल खरंच झिजलं असेल तर ऑफसेट द्यावाच लागतो, ते वेगळं. पण ते ओळखायला आधी काही दिवस नुसतं बघावं लागतं.

तुमची रोजची मीटिंग आणि तो ट्रॅकर, ताई, हे तुमचे ऑफसेट आहेत. वाईट वाटून घेऊ नका, सगळे नवीन लीड हेच करतात. काम बिघडलंय म्हणून नाही करत, आपण बसलोय हे दिसावं म्हणून करतात. आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबत निघते, मोठा पुतळा असतो, काळी अन् पिवळी, गावातली सगळी ईडा पीडा तिच्याबरोबर बाहेर घालवायची. बऱ्याच नव्या साहेबांना खुर्चीवर बसलं की कोणाची तरी मारबत काढायचीच असते, जुन्या पद्धतीची, जुन्या फॉरमॅटची, अहो पण आधी पीडा तर असायला पाहिजे ना.

तर पहिलं काम, ट्रॅकर बंद करा. गुपचूप नका करू, की हळूहळू भरायचं सोडून दिलं असं. सगळ्यांसमोर एका वाक्यात सांगा की हे मी घाईत सुरू केलं होतं, याचा तुम्हाला उपयोग दिसत नाही, बंद करते. मीटिंगचं त्यांनाच विचारा, कदाचित आठवड्यातून एकदा हवी असेल, शिफ्ट बदलताना हवी असेल, ते सांगतील. "ओके मॅम" चा अर्थ तुम्हाला कळलाच आहे, आपल्या भागात माणूस भांडत असेल तोपर्यंत काळजी नाही, तो "हो जी, हो जी" करायला लागला की समजायचं याने मनातून आपल्याला सोडलं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही म्हणता मी नसते तरी चाललं असतं. चार महिने चाललं असतं, बरोबर. पुढचं मी सांगतो.

माझ्या आधी त्या शिफ्टला जे इन्चार्ज होते ते दर शनिवारी दुपारी ड्यूटी नसताना स्टोअरमध्ये जायचे आणि सोमवारचे इन्सर्ट, म्हणजे मशीनला लागणारी कटिंगची पाती, आधीच इश्यू करून कपाटात ठेवायचे. हे कोणाला माहीत नव्हतं, ऑपरेटरलाही नाही, त्यांना वाटायचं कपाटात असतातच. ते गेले, कपाटातला साठा तीन आठवडे पुरला, आणि मग एका सोमवारी स्टोअरवाला सुट्टीवर, कपाट रिकामं, चार मशीन दीड तास उभ्या. मला हँडओव्हरमध्ये 14 पानं दिली होती, त्यात ही शनिवारची चक्कर नव्हती, कारण त्यांच्यासाठी ते काम नव्हतंच, ती सवय होती.

तुमच्या हैदराबादला गेलेल्या मॅडमचीही अशी कपाटं असणार. नाइट शिफ्टच्या पोरींची कॅब बरोबर गेटवर यावी म्हणून त्या कोणाला फोन करत होत्या का? क्लायंटकडचा कोणी चिडखोर माणूस असेल, त्याचे मेल टीमपर्यंत पोचायच्या आधीच स्वतः झेलत होत्या का? पगाराच्या वेळी रात्रपाळीचा भत्ता कोणाचा चुकला तर एचआरशी कोण भांडत होतं? हे टीमला विचारून पूर्ण कळणार नाही, कारण टीमला ते दिसलंच नसतं. तिला सरळ फोन करा. लाजू नका, म्हणा की तुझ्या टीमने तुझं नाव काढलं की अजून चेहरा खुलतो, तू असं काय करायचीस जे कुठे लिहिलेलं नाही. माणूस अशा प्रश्नाला अर्धा तास बोलतो. मग कॅबवाल्याशी बोला, अ‍ॅडमिनशी बोला, क्लायंटकडच्या माणसाशी बोला. चांगल्या टीमच्या लीडचं निम्मं काम टीमच्या बाहेर असतं, बाहेरचा ताप आत येऊ न देणं, आणि ते नीट झालं की कोणाला दिसत नाही. कूलरसारखं आहे, मे महिन्यात 45 डिग्रीला तो घरघरत असतो तोपर्यंत कोणी त्याच्याकडे बघत नाही.

आता त्या दोन वाजता फोन उचलणाऱ्या पोराबद्दल. तुम्ही त्याच्याबद्दल कौतुकाने लिहिलंय आणि मला तिथेच धस्स झालं. ताई, तुमचा डॅशबोर्ड हिरवा नाहीये, त्या पोराची झोप त्याच्यावर हिरवा रंग मारून राहिली आहे. उद्या ऑफिसला गेल्यावर एकच करा, मागच्या वर्षभराचं सुट्ट्यांचं रेकॉर्ड काढा. मी पैजेवर सांगतो की त्याने सलग पाच दिवस सुट्टी घेतलेली नाही, आणि घेतली असेल तर त्यातही फोन उचलले असतील. ही टीमची ताकद नाही, भेग आहे. तो आजारी पडला, त्याचं लग्न ठरलं, त्याला दुसरीकडे दीडपट पगार मिळाला, काहीही झालं तरी एका आठवड्यात तुमचं सगळं उघडं पडतं. आणि असा पोरगा सोडून जातो तेव्हा भांडून जात नाही, हसत हसत मिठाई वाटून जातो.

त्याला सुट्टीवर पाठवा. खरी सुट्टी, फोन बंद. एक आठवडा. आधी क्लायंटला सांगून ठेवा की या आठवड्यात थोडं मागेपुढे होईल, ते तुम्ही स्वतःच्या अंगावर घ्या. त्या आठवड्यात जिथे जिथे टीम अडेल ते लिहून काढा, तीच तुमची खरी कामाची यादी, कुठल्या ट्रॅकरमध्ये ती मिळाली नसती. परत आला की त्याला सांगू नका की तू नसताना किती हाल झाले, त्याला ते ऐकायला आवडेल आणि तो पुन्हा तसाच वागेल. त्याला दोन ज्युनियर द्या आणि रात्रीचा फोन पाळीपाळीने त्यांच्याकडे लावा. पहिले काही दिवस तो गुपचूप मध्ये पडेल, पडू नका म्हणून सांगावं लागेल, माझ्या अनुभवाप्रमाणे तीनदा तरी.

क्रिकेटचं उदाहरण देतो, आपलं घरचंच आहे. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळून राहिला, साठ वर्षं कोणी विचारलं नाही, आणि 2017-18 ला इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीला हरवून पहिल्यांदा जिंकलो, कॅप्टन फैज फजल, कोच चंद्रकांत पंडित. पुढच्या सीझनला काय केलं, तर तेच कॅप्टन, तेच कोच, आणि आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियममधल्या फायनलमध्ये सौराष्ट्राला हरवून पुन्हा कप इथेच. त्या मॅचमध्ये आदित्य सरवटेने 11 विकेट काढल्या होत्या. जिंकलेल्या टीमला उगाच हात लावू नये याला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. 2024-25 ला पुन्हा फायनल, पुन्हा जामठा, समोर केरळ, आणि केरळकडून खेळायला कोण उतरलं, तर आपलाच सरवटे! तो दरम्यान तिकडे गेला होता. आता दुसऱ्या एखाद्या टीमचं कंबरडं मोडलं असतं. आपल्याकडे हर्ष दुबे आधीपासून टीममध्ये खेळत होता, तोही डावखुरा स्पिनर, आणि त्या सीझनला त्याने 69 विकेट काढल्या, रणजीच्या एका सीझनमधला रेकॉर्ड. मॅच ड्रॉ झाली, पहिल्या इनिंगच्या लीडवर कप आपला. सरवटे गेल्यावर दुबे शोधायला निघाले असते तर काय झालं असतं याचा विचार करा. तुमच्या टीममधला दुबे कोण, हे तुम्हाला आज सांगता येतं का?

आणखी एक, तुम्ही लिहिलंय की तक्रारच नाही. हे ऐकायला छान आहे पण मला थोडं खटकलं. एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या प्राध्यापक आहेत, त्यांनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, औषधं देताना कुठे किती चुका होतात. त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील. निघालं उलटंच, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. नंतर त्यांच्या लक्षात आलं की चुका जास्त होत नव्हत्या, तिथले लोक चुका झाकत नव्हते, मोकळेपणाने बोलत होते. मग तुम्ही बघा की तुमच्या टीममध्ये शेवटची वाईट बातमी तुम्हाला कधी कळली, आणि कोणाकडून कळली, टीमकडून की क्लायंटकडून. चार महिन्यांत एकही कळली नसेल तर दोनच शक्यता, एक तर काही झालंच नाही, किंवा तुम्हाला सांगत नाहीत. पहिली शक्यता मी आयुष्यात पाहिलेली नाही. हे लगेच सुधारत नाही, एखाद्या पोराने येऊन सांगितलं की मॅम माझ्याकडून हे चुकलं, तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो यावर पुढचं वर्षभराचं ठरतं.

बॉसचं काय करायचं? त्यांना बदल हवाय कारण त्यांनाही वरती काहीतरी दाखवायचंय, ते शत्रू नाहीत. त्यांना "काही बदललं नाही" असं सांगू नका, ते अंगाशी येईल. असं लिहा की चार महिन्यांत अमुक अमुक गोष्टी मी मुद्दाम तशाच ठेवल्या आणि त्याचं कारण हे, एका माणसावरचं अवलंबन सापडलं, त्यावर काम चालू आहे, तीन महिन्यांत रात्रीचा फोन उचलणारे चार जण तयार असतील. हे कुठल्याही बॉसला आवडतं, कारण यात तारीख आहे आणि आकडा आहे. आणि हो, पोरांची नावं घालून लिहा. टीम चांगली असते तेव्हा लीडने वरती सगळ्यात जास्त करायचं काम म्हणजे त्यांची नावं घेणं, पगारवाढीच्या वेळी नाही, आत्तापासून, म्हणजे तेव्हा कोणाला प्रश्न पडत नाही की हा कोण.

हात कधी लावायचा, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काका नुसतं बसा सांगून राहिले. टीम स्वतः एखाद्या गोष्टीला कंटाळून दोन-तीनदा बोलली असेल तर लावा. क्लायंटकडे सिस्टिम बदलणार असेल तर त्याच्या सहा महिने आधी लावा. आणि आकडा खोटं बोलत असेल तर लगेच लावा, म्हणजे तिकीट वेळेत बंद होतंय पण तोच माणूस आठ दिवसांनी तेच तिकीट पुन्हा उघडतोय, असं. हे शेवटचं एकदा तपासून बघाच, हिरव्या डॅशबोर्डखाली बऱ्याचदा हेच लपलेलं असतं.

राहिलं ते तुम्हाला वाटतं त्याचं, की माझी गरजच नाही. अजून पाच-सहा महिने थोडं तसंच वाटेल. टीम जेवायला एकत्र बसेल आणि तुम्ही येताना दिसल्यावर आवाज कमी होईल. डबा घेऊन त्यांच्यात घुसू नका, पण केबिनमध्ये दार लावूनही जेवू नका. रात्रीच्या शिफ्टला महिन्यातून दोनदा स्वतः जा, लॅपटॉप न उघडता.

प्रश्न : आमच्या टीमने दोन वर्षं सलग रिजनमध्ये पहिला नंबर काढला. आता नवे साहेब आलेत, ते रोज संध्याकाळी सहा वाजता रिपोर्ट मागतात, मधूनच फोन करून कुठे आहात विचारतात, जुन्या डीलरकडे स्वतः जाऊन येतात. आम्ही काय चोर आहोत का? आम्ही सगळ्यांनी मिळून वरती तक्रार करायची ठरवलं आहे. (सेल्स, बुटीबोरी)

उत्तर : भाऊ, थांबा जरा. वरचं पत्र वाचा, म्हणजे खुर्चीच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला किती भीती वाटते ते कळेल. तुमचे साहेब तुम्हाला चोर समजत नाहीत, त्यांना तुमचं काम अजून कळलेलं नाही आणि ते कबूल करायची लाज वाटते, म्हणून रिपोर्ट मागतात. सहाचा रिपोर्ट साडेपाचला द्या, न मागता, चार ओळींचा. डीलरकडे एकटे जातात ना, मग तुम्हीच म्हणा की साहेब बुधवारी माझ्यासोबत फिरा, दिवसभर. गाडीत बसून माणूस जेवढा कळतो तेवढा मीटिंगमध्ये कळत नाही. महिनाभरात फोन अर्धे होतील.

आणि एक कडू बोलतो. दोन वर्षं पहिला नंबर आला की टीमला थोडी चरबी चढते, मी स्वतः त्यातून गेलोय. साहेब जुन्या डीलरकडे जातात यात तुम्हाला एवढं का झोंबलं, याचा एकदा रात्री शांतपणे विचार करा. तिथे काही लपवण्यासारखं नसेल तर तक्रारीचा कागद फाडून टाका. तीन महिने हे सगळं करूनही काहीच बदललं नाही तर मग बोला, पण त्यांच्याशी, वरती नाही, आणि घोळक्याने नाही. एकाने जायचं.

प्रश्न : टीमने सलग चौथ्यांदा टार्गेट पूर्ण केलं. पार्टी द्यावी की बोनस? माझ्या हातात एवढंच बजेट आहे की दोन्हीपैकी एकच होईल.

उत्तर : बोनस. पार्टीला ज्याची सासू आजारी आहे तोही यायला लागतो. आणि बोनस दिल्यावर एका सकाळी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घाला, त्याला बजेट लागत नाही.

प्रश्न : काका, आमचं सावजी भोजनालय आहे, बाबांनी सुरू केलेलं, नागपुरातच. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी आता बघतो. वय 28, हॉटेल मॅनेजमेंट केलं आहे. धंदा मस्त चालतो, नऊ माणसं आहेत, आचारी 22 वर्षांपासून आमच्याकडे आहेत. मी मसाल्याचं वजन करून ते लिहून ठेवायचं म्हटलं तर आचारी काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ऑनलाइन ऑर्डर सुरू करायचं म्हटलं तर बाबा नाही म्हणतात. चांगलं चाललंय त्याला हात लावू नको म्हणतात. मग मी शिकलो कशाला?

उत्तर : पोरा, इथे मी तुझ्या बाजूने आहे, बाबांच्या नाही. वरती ताईंना हात खिशात ठेवा सांगितलं आणि तुला उलटं सांगतोय म्हणून गोंधळू नको. त्यांचा रात्री दोनचा पोरगा आहे, तसे तुझ्याकडे 22 वर्षं झालेले आचारी आहेत. सावजीचा सगळा जीव मसाल्यात, आणि तो मसाला कुठल्याच कागदावर नाही, एका माणसाच्या मुठीत आहे. किती खसखस, किती काळी मिरी, किती भाजायचं, कुठल्या वासावर उतरवायचं. कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या घराघरांतून हे जेवण आलं, पिढ्यानपिढ्या हाताने शिकवलं गेलं, आधी जवसाच्या तेलात व्हायचं, आता किती ठिकाणी होतं तूच सांग. लिहिलेलं नसलं की असंच थोडं थोडं गळत जातं आणि गिऱ्हाइकाला एक दिवस नुसतं वाटतं की पहिल्यासारखं नाही राहिलं. तेव्हा वजन करायलाच पाहिजे.

पण तू काटा घेऊन गेलास, तिथे चुकलास. 22 वर्षं ज्याच्या अंदाजावर दुकान चाललं त्याच्यासमोर वजनकाटा ठेवणं म्हणजे त्याला काय ऐकू आलं असेल, की तुझ्यावर भरवसा नाही, आणि लिहून झालं की तुझी गरज नाही. दुसरी भीती खरी आहे, ती तू मिटवल्याशिवाय तो तोंड उघडणार नाही. तर आधी त्यांचा पगार वाढव, वजनाचा विषय न काढता. मग पंधरा दिवस सकाळी त्यांच्या आधी भटारखान्यात जाऊन बस, कांदा चीर, मसाला वाटायला ये, आणि त्यांना म्हण काका मला शिकवा, बाबांनी मला कधी शिकवलं नाही. शिकवताना माणूस स्वतःच सांगतो, मूठ उघडून दाखवतो की एवढं घे. ती मूठ तू तुझ्या वाटीत ओत आणि वाटी नंतर मोज. त्यांच्यासमोर मोजायचं की नाही ते तेव्हा तुलाच कळेल, मला वाटतं महिन्याभराने तेच म्हणतील आण तो काटा, बघू किती भरतं. तयार झालेला मसाला त्यांच्या नावाने डब्यावर लिही. आणि त्यांच्या हाताखाली आत्ताच एक पोरगा दे, तो त्यांनी निवडलेला असू दे, तू आणलेला नको.

ऑनलाइन ऑर्डरचं, बाबा पूर्ण चूक नाहीत. रविवारी दुपारी एक वाजता तुमच्याकडे बाहेर लोक उभे असतील आणि आतून मटणाचे डबे डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत जाऊन राहिले असं दिसलं तर बसलेलं गिऱ्हाईक उठून जाईल. मंगळवार-बुधवार रात्रीपासून सुरू कर, मेनूतल्या चारच गोष्टी ठेव, रस्सा वेगळा पॅक करायचा आणि सांडत नाही ना ते आधी स्वतःच्या घरी मागवून बघ. पहिली ऑर्डर बाबांकडूनच करून घे, बिछान्यात बसल्या बसल्या मोबाइलवरून, गुडघा दुखत असला तरी बोट तर चालतं ना. भाकर कडक झाली म्हणून शिव्या घालतील, त्या लिहून ठेव.